कापसातला मेफ्लाय

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, बी.ए. झाल्यावर, मी काही महिने आईबाबांकडे कुवेतला जाऊन राहिले. शाळा-कॉलेज मी नाशिकला काकांकडे राहून केलं होतं. काका कामगार चळवळीतले. त्यांच्या घरी मी गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं वाचली, आणि पत्रकात दोषी कोण हे दुसऱ्या परिच्छेदापर्यंत कळायचंच.

कुवेतच्या सालमिया भागातल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाचं एक टोक आईच्या मायक्रोस्कोपने अडवलं होतं. नाशिकला ती प्राणिशास्त्र शिकवायची. इथे तिचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, बाबांच्या नोकरीला जोडलेला, म्हणून तिला काम करता येत नव्हतं. त्यावर मी बरंच बोलले. ती म्हणाली, “बोलून झालं की ती चटणी उचल. लेन्सला तेल लागेल.”

ब्राझीलमधल्या एका जुन्या सहकाऱ्याने तिच्यासाठी मेफ्लाय पकडले होते. हा किडा पाण्यात वाढतो आणि पंख फुटल्यावर जेमतेम एखादा दिवस जगतो. त्यातही पंख फुटल्यावर तो आणखी एकदा कात टाकतो. त्याआधी पंख मळकट असतात, कडेला बारीक केस असतात. नंतर ते काचेसारखे होतात. पाण्यातली पिल्लं आधीच पोचली होती, आणि त्यांच्यावरून आईला ही जात नवी वाटत होती. पण तिला वर्णन लिहायचं होतं ते कात टाकलेल्या नरावरून, आणि नर एकच सापडला होता. नोकरी सुटल्यापासून तिच्या नावाने काही छापून आलं नव्हतं.

बाबांच्या कंपनीतले रत्नागिरीचे एक इंजिनियर ब्राझीलमधून काम आटोपून परतत होते. किड्यांची बाटली त्यांनी आणली. कुवेतच्या विमानतळावर अधिकाऱ्याने बूच काढून वास घेतला. आत किडे टिकवायला घातलेलं अल्कोहोल, आणि ते या देशात आणायला बंदी. त्याने ते ओतून टाकलं, किडे परत दिले. आता ते मोडतील या काळजीने इंजिनियरांनी विमानतळावरच्या दवाखान्यातून कापूस मागून घेतला आणि बाटलीत गच्च भरला.

आईने औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आणून किडे भिजवले आणि ब्रशने कापूस सोडवायला घेतला. नराची जात ज्यावरून ओळखतात ते चिमटे पोटाच्या टोकाला असतात. ते टोक कापसाबरोबर निघून आलं. त्यातला एक चिमटा सापडला, दुसरा नाहीच.

“पंखाची कड बघ,” ती मला म्हणाली. “काय दिसतं?”

“केस.”

“सारख्या अंतरावर?”

“काही सारखे आहेत. काही नाहीत.”

“मग केस का कापूस?”

मी पुन्हा पाहिलं. पंख मळकट होता, पण तो वाळल्यामुळे की मुळातच तसा, तेही कळेना. मी म्हणाले, आपण तक्रार करू.

“कोणाविरुद्ध, कॉम्रेड?” बाबा पेपरामागून म्हणाले. “कापसाविरुद्ध?”

अधिकाऱ्याने कायदा पाळला होता. इंजिनियरांनी जीव लावला होता. मला दुसरा परिच्छेदच लिहिता येईना.

“मग नवी जात म्हणून लिहून टाक,” मी आईला म्हणाले. “तुला माहीत आहेच.”

“मला वाटतं. माहीत नाही.”

शुक्रवारी इंजिनियर जेवायला आले. “वहिनी, किडे सुखरूप ना? कापूस घातला म्हणून. नाहीतर भुगाच झाला असता.”

खरं ते तोंडावर सांगावं, हे काकांनी मला शिकवलं होतं. मी तोंड उघडलंही. आई म्हणाली, “कापूस होता म्हणून पोचले. आमटी घ्या ना आणखी.” मग नर्सला खाणाखुणा करून कापूस कसा मागितला ते त्यांनी रंगवून सांगितलं, आणि बाबांना हसून ठसका लागला.

ते गेल्यावर मी विचारलं, “खोटं का बोललीस?”

“कुठे बोलले? कापूस नसता तर काय पोचलं असतं, तुला ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

वर्णन तिने लिहिलं नाही. पुढच्या हंगामात दुसरा नर मिळाला तर पाठवा, असं सहकाऱ्याला लिहायला बसली. थोडं लिहून पेन थांबलं.

“कापूस घालू नका, असं लिहू का गं?”

मी हो म्हणणार होते. मग नाही म्हणणार होते. तिने पेनाचं टोपण लावलं आणि ताटं उचलायला उठली.