रोहूचा खवला आणि माझा अंगठा

मासळी बाजारात माझा जन्म गेला. खवले तर किती काढले, मोजदाद नाही. पण एकही खवला नीट बघितला नव्हता. तो मला नातीने दाखवला, म्हणून तिचे उपकार आधी मानते.

गुडघे दुखायला लागल्यापासून पनवेलच्या बाजारात माझ्या जागी सून बसते. नात कॉलेजात प्राण्यांचं शास्त्र शिकते. एका संध्याकाळी ती घाईत आली, दुसऱ्या दिवशी तिची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. रोहूचा खवला काचेवर चिकटवून न्यायचा, रेघा स्पष्ट दिसायला हव्यात.

सुनेने रोहू आणला. त्याच्या पाठीजवळ एके जागी खवले जरा रुंद, ठसठशीत होते. मी तेच चार उपटून दिले. गिऱ्हाइकाला उठून दिसेल तेच द्यायचं, ही आमची खोड! नातीने भिंगाखाली धरले आणि तिचा चेहराच उतरला.

"आजी, मधे कोरंच आहे गं!"

"कोरं कसं? मासा ताजा हाय!"

"ताजा आहे गं. पण इथले जुने खवले पडून हे नवे आलेत. जुना खवला माशाबरोबर वाढतो, रेघेबाहेर रेघ. नवा घाईत येतो, त्याचं मधलं राहून जातं."

आता दुसरे द्यावेत, तर सुनेने तेवढ्यात सवयीने मासा खसाखसा साफ केलेला. खवले सगळे घमेल्यात, आणि त्याच घमेल्यात सकाळच्या जिताड्याचे खवले. नात रडकुंडीला आली. "आता कुठला कुणाचा, कसं कळणार?"

"रडतेस काय? दे इकडं घमेलं."

मी डोळे मिटले आणि एकेक खवल्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. जिताड्याची कड खरखरीत, बारीक दात असल्यासारखी. रोहूची गुळगुळीत. गुळगुळीत तेवढे तिच्या हातावर ठेवत गेले. तिसऱ्यालाच ती ओरडली, "हाच! आजी, बघ!"

बघितलं. मधे ठिपका, भोवती दाट रेघा. लिहायला शिकण्याआधी कागदावर माझा अंगठा उठायचा ना, अगदी तसा.

काचेवर लावायच्या चिठ्ठीवर खवला गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं म्हणे. तिने पेन माझ्याच हातात दिलं. मासळी बांधायच्या रद्दीवरून अक्षरं गिरवत शिकलेली मी, जीव लावून नाव लिहिलं.

"आजी, शेवटचं अक्षर चिठ्ठीबाहेर चाललंय!"

"जाऊ दे. खवला बरोबर हाय ना?"

बरोबर होता. परीक्षेनंतर तिच्या बाईंनी तो कॉलेजातच ठेवून घेतला, चिठ्ठीसकट.