फाटकाच्या आत रिक्षा नाही

आम्ही गाडी विकली त्या आठवड्यात शेजारच्या वहिनी साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "काही अडचण आहे का? भावजींची नोकरी ठीक आहे ना?" अहो, नोकरी उत्तम आहे, गाडीच नकोशी झालीय, मी म्हटलं. खांदा कॉलनीतून आम्ही दोघंही शेअर रिक्षा आणि बसने ऑफिसला जातो. गाडी आठवडाभर खाली धूळ खात असायची आणि रविवारी बाहेर काढली की पुलाखालच्या कोंडीत धूर ओकत उभी. कशाला हवं ते लोढणं? वहिनींना काही पटलं नाही. खिचडी छान होती.

पुढे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती माझ्याकडे राहायला आली. आई उरणची, कोळीण. सगळी हयात बाजारात मासळी विकण्यात गेली. दर मंगळवारी व्यायामाला आणा, नाहीतर पाय असाच ताठ राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाय ताठ राहिला की बाजार संपला, आणि बाजार संपला की आई संपली, हे मला कुणी सांगायला नको होतं.

पहिल्याच मंगळवारी वॉचमनने रिक्षा फाटकावर अडवली. "मॅडम, आत अलाउड नाही. कमिटीचा नियम आहे." आमची विंग सगळ्यात शेवटची. गाडी होती तोवर हा नियम मला कधी टोचलाच नव्हता. आई वॉकर टेकत, दर चार पावलांना थांबत फाटकापर्यंत गेली. घरी आल्यावर जेवलीसुद्धा नाही.

मी तडक सेक्रेटरींकडे गेले. म्हणे रिक्षांचा आवाज होतो, फरशीवर तेल गळतं, सोसायटीची शोभा जाते. आणि हे स्वतः काय करतात? मुलं खाली उतरेपर्यंत एसीसाठी इंजिन चालू ठेवून बसतात, तो धूर थेट आमच्या खिडकीत. त्याने शोभा वाढते वाटतं! वर मलाच सल्ला, "तुमचं पार्किंग रिकामंच आहे. घ्या की परत एखादी गाडी, कोणी अडवलंय?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईच्या पायासाठी मी दहा लाखांचं लोखंड विकत घ्यायचं, पण यांनी एक फाटक उघडायचं नाही.

पुढच्या मंगळवारी आई म्हणाली, "मी नाय येत." पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भर उन्हात टोपली घेऊन भांडणारी बाई ही. मला फार भीती वाटली.

त्यानंतरच्या मंगळवारी मात्र ती स्वतःच उठली. साडी नीट केली आणि म्हणाली, "गॅलरीतली खुर्ची घे." मला वाटलं, वाटेत टेकायला हवी असेल. अर्ध्या रस्त्यात, गाड्या बाहेर पडतात बरोबर तिथे, ती थांबली. "ठेव हितं." मी प्लास्टिकची खुर्ची ठेवली, आणि आई बाजारात बसावी तशी ऐसपैस बसली.

सकाळची ऑफिसची वेळ. मागे एक गाडी थांबली, मग दुसरी, मग रांगच. हॉर्न सुरू झाले. तिसऱ्या गाडीतून सेक्रेटरी उतरले. "आजी, जरा बाजूला बसा ना."

"पाय दुखतो माझा. रिक्षा आली की उठते," आई म्हणाली. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की तिचा आवाज असाच थंड व्हायचा. "तुमाला घाई नाय ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. शेवटी त्यांनी वॉचमनला हात केला आणि फाटकाबाहेर थांबलेली आमची रिक्षा आत आली, थेट आईच्या पायाशी.

मला आनंद व्हायला हवा होता, पण संतापच येत होता. तिचा पाय इतके दिवस दुखत होता तेव्हा फाटक बंद होतं, आणि यांच्या गाड्या अडल्या तेव्हा लगेच उघडलं. आई रिक्षात बसली, पाय हळूच आत घेतला आणि मला म्हणाली, "खुर्ची वॉचमनकडंच ठेव. येताना पन लागंल."