मामा म्हणण्याचा गुन्हा

एका ऊसतोड मजुराला सोमवारी नेले, मंगळवारी नाकारले, बुधवारी सोडले. जबाबदार एक हवालदार आणि एक ठाणे अंमलदार. डिझेलचा वास आला की पाथर्डी स्टँडवरची ती सकाळ आठवते. हवालदाराने ऊसतोड मजुरांची जीप अडवली होती. "मामा, जाऊ द्या की, लेकरं ताटकळल्यात," एक मजूर म्हणाला. आईच्या भावाचे हे नाते आपण पोलिसाला मायेने लावले की भीतीने, कोण जाणे. "चल भाच्या, आजोळाला," हवालदार हसून म्हणाला. त्याला ठाण्यात नेले आणि जीप त्याच्यावाचून गेली. दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात चौकशीला गेलो, तर ठाणे अंमलदारांनी सांगितले, "असा कुणी इथं न्हाई." सुटला तेव्हा तो भिंत धरून चालत होता. तेव्हापासून मी पोलिसाला 'मामा' न म्हणता 'साहेब' म्हणतो, याची लाज वाटते. त्या मजुराला कोणत्या कलमाखाली नेले, याचे उत्तर त्या ठाणे अंमलदारांनी जाहीरपणे द्यावे.