कानाशी धरलेलं घड्याळ

आणीबाणीच्या काळात टेमघरला आमच्या लूमच्या कारखान्याबाहेर एक फेरीवाला बसायचा. कानात घालायचे मेणकापसाचे बोळे विकायचा. ओरडणं नाही, बोलावणं नाही. शिफ्ट सुटताना मनगटी घड्याळ धोतराला पुसत बसलेला दिसे. आम्ही त्याला हसायचो. मागांच्या खडखडाटाची आम्हाला सवय होती, लूमवर बोलणं हातवाऱ्यांनीच चालायचं. बोळे हवेत कुणाला?

एकदा त्याने मला खुणेने बोलावलं आणि ते घड्याळ माझ्या कानाशी धरलं.

"बंद हाय," मी म्हणालो.

त्याने दुसऱ्या कानाशी धरलं.

"बंद हाय म्हटलं ना! आधी चावी दे त्याला."

त्याने घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर आणलं. सेकंदकाटा पळत होता.

मी ते हिसकावून परत कानाशी दाबलं.

"माल मी मंग दाखवतो," तो जवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "आधी मानसाला कळू दे, त्याचं काय गेलंय."

भाव न विचारता मी बोळे घेतले.

घरी पोचलो तर बायको काहीतरी म्हणाली. 'पुटपुटू नको, नीट बोल,' असं मी तिच्यावर रोज खेकसायचो. त्या दिवशी मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.