मीनाक्षीकाकूंची कल्हई

मॉरिसव्हिलचे मनोहर वर्तक आयुष्यभर अमेरिकेत पूल बांधत होते. पूल वेळेवर झाले. निवृत्तीनंतर उरलेली घाई ते बायकोवर खर्च करत. बाल्कन टूरला निघताना मीनाक्षीकाकूंनी स्वेटर काढून बॅगेत पितळी पातेलं भरलं, तेव्हाच मनोहररावांना धडकी भरली.

पातेल्याची कल्हई गेली होती. आमटी केली की कळकायची, आणि नॉर्थ कॅरोलायनात कल्हईवाला मिळेना. "आजी, इट्स अ परफेक्ट प्लँटर!" असं नात आन्या म्हणाली, तेव्हापासून त्यात कुणी झाड लावेल म्हणून काकू पातेलं नजरेआड होऊ देत नव्हत्या.

सारायेव्होच्या ऑटोमनकालीन बाजारात तांबटांची गल्ली आहे, हे त्यांनी शोधून ठेवलं होतं. गल्लीत हातोड्यांचे ठोके होते आणि फ्रिजला लावायचे मॅग्नेटही. एका म्हाताऱ्या कारागिराने पातेलं उलटसुलट पाहून मोडक्या इंग्रजीत काहीतरी विचारलं. काकू शेजारच्या दुकानात डोकावत होत्या. टूरची बस चारला सुटणार होती.

"ओके, ओके," मनोहरराव म्हणाले. साइटवर ठेकेदाराला ते असं कधी म्हणाले नव्हते.

काकू परतल्या तेव्हा पातेलं बाहेरून लखलखत होतं आणि कारागीर आतून मारायला व्हार्निशचा डबा उघडत होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"पॉलिश. छान दिसतंय की."

"दिसायला आणलंय का मी?" काकूंनी पातेलं ओढून घेतलं, पिवळा तळ दाखवला आणि हवेतच डाव फिरवून एक घास खाल्ला.

"कुक? यू?" कारागीर थक्क झाला.

"मी! दुसरं कोण?" त्या मराठीतच म्हणाल्या.

त्याने डबा बंद केला. पण कथील लावायचं तर शेगडी आता उद्या सकाळीच पेटणार होती.

"अगं, बस..."

"तुम्ही जा. मी येते मागून."

"एकटी?"

"पातेलं आहे ना!"

मनोहरराव गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी त्यांनी बसमधून बॅगा उतरवल्या. गाइडने कारण विचारलं. कल्हईचं इंग्रजीत कसं सांगावं ते सुचेना. "फॅमिली इमर्जन्सी," ते म्हणाले.

सकाळी नवसागराचा पांढरा धूर दुकानभर झाला. वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यामागून तळावर पसरत गेलं. काकू वाकून बघत होत्या. पुढे गेलेली टूर गाठायला मोस्तारची बस पाऊण तासाने होती. मनोहररावांनी फोन खिशात टाकला आणि ते पातेल्यात डोकावले.

"त्याला म्हणावं, अजून एक हात मार," ते काकूंना म्हणाले. "कडेला पातळ राहिलंय."