रविवारचा बाक

जिंतूरच्या चर्चमध्ये रविवारची प्रार्थना संपली की दवाखान्यातल्या एक सिस्टर व्हरांड्यात येईल त्याचा बीपी तपासतात. जात-गाव न विचारता सगळ्यांना एकाच बाकावर बसवतात आणि म्हणतात, "दम घ्या जरा." बैलांच्या बाजारात मी भल्याभल्यांना वाकवतो, पण माझा नंबर त्यांनी कधी पुढे घेतला नाही.

परवाच्या रविवारी मी आईला घेऊन गेलो होतो. तेवढ्यात आमच्या गावचे पाटील आले. यांच्या दारात माझ्या आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. आईला बाकावर पाहून ते म्हणाले, "मी उभाच बरा."

"उभ्यानं आकडा खोटा येतो, काका," सिस्टर म्हणाल्या.

पाटील घामेजले होते, तरी तसेच फाटकाकडे निघाले. मला बरंच वाटलं.

सिस्टरनी आईला उठवलं आणि बाकाचं एक टोक उचललं. "बघायलाव काय? धरा तिकडून!"

शिवी गिळून मी धरलं. फाटकात बाक ठेवून त्या म्हणाल्या, "काका, तुमी चालू नका. बाकच आणलाय."

पाटलांनी फाटकाचा गज धरला होता. ते बसले. शेजारी सिस्टरनी आईला बसवलं. दंडावरचा पट्टा आवळला तसे पाटलांनी डोळे मिटले.

"हात ढिला सोडा, पाटील," आई म्हणाली. "दुखत न्हाई."