बरगड्यांवरचा पापुद्रा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढी एक गोष्ट सोडून बाकीचं बोलते. त्याला ठाऊक नसेल का? असेल. तरी सोडते.

चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, आणि तिथेही बाईंनी प्रश्न विचारला की मी मान खाली घालून दप्तरात काहीतरी शोधत बसायचे. म्हणून लिहिते आहे. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही.

पण एक गोष्ट मी न लाजता सांगते — मी करते तशा डुकराच्या बरगड्या नाशकात तुम्हाला दुसरीकडे मिळायच्या नाहीत. हसू नका. मखमलाबादच्या माळकरी घरातली सून आहे मी. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बरगड्यांचा तुकडा मी कधी जिभेवर ठेवलेला नाही. तरी चिमट्याने हाड जरासं फिरवलं की मला कळतं, झालं की नाही. हाड मांसातून अलगद सुटायला लागलं पाहिजे, पण उचलताना गळून पडता कामा नये. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण हे माझ्या हाताला येतं.

हाताला आलं कुणाकडून, ते मात्र मी सांगत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, करून करून आलं.

मार्थामावशींकडून आलं.

गंगापूर रोडच्या ज्या बंगल्यात मी काम करते, तिथे त्या माझ्या आधीपासून स्वयंपाकाला होत्या. शरणपूरच्या. साहेब जहाजावर इंजिनिअर होते, देशोदेशीचं खाल्लेले. त्यांच्यासाठी मटण-मासळी मावशी करायच्या. मी पोळ्या, भाज्या, निवडणं-चिरणं. घरी सासूबाईंना मी एवढंच सांगितलं होतं — पोळ्या-भाज्या करते. तेव्हा ते खरंही होतं.

मग साहेबांच्या मुलीने परदेशातून विजेवर मंद शिजवणारा स्लो कुकर आणला. आत जड मातीसारखं भांडं, वर काचेचं झाकण. साहेबांच्या तोंडात तोवर कवळी आली होती, आणि बरगड्या खायची हौस काही गेली नव्हती. मावशींनी त्या यंत्राकडे दोन-चार दिवस नुसतं बघितलं. मग मला म्हणाल्या, "अगं, हे काही नवीन नाही. गोवऱ्यांच्या विस्तवावर दूध ठेवतेस ना? तेच हे. घाई करायची नाही आणि सारखं उघडून बघायचं नाही."

आणि त्यांनी ते बसवलं. मीठ, लाल तिखट, लसूण, गूळ — सगळं बरगड्यांना चोळायचं. भांड्याच्या कडेने त्या उभ्या लावायच्या, मांसाची बाजू बाहेर. पाणी अजिबात नाही, ते आपलं आपण सुटतं. सकाळी लावलं की दुपार उलटून जाईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. शेवटी टोमॅटो सॉस, व्हिनेगर, गूळ आटवून वरून फासायचं आणि ओव्हनमध्ये घालायचं — कडा जराशा करपेपर्यंत. पण या सगळ्याच्या आधी एक काम. बरगड्यांच्या आतल्या अंगाला, हाडांवर, एक पातळ चिवट पापुद्रा असतो. तो काढायचा. तो राहिला तर मसाला त्या बाजूने आत जात नाही, आणि कितीही शिजवा, खाताना तो चामड्यासारखा ओढला जातो.

पापुद्रा. बघा, आले मी त्याच्यापर्यंत. आणि आता मला उगाच ओव्हनबद्दल आणखी लिहावंसं वाटतंय.

साहेबांच्या मुलीचे सासू-सासरे पुण्याहून पहिल्यांदा जेवायला येणार होते. रविवार होता. रविवारी सकाळी मावशी उपासनेला जायच्या, ते कधी चुकायचं नाही. म्हणून शनिवारी त्यांनी मसाला कालवून ठेवला आणि मला म्हणाल्या, "कुसुम, सकाळी आधी पापुद्रा काढ, मग मसाला लाव, आणि कुकर सुरू कर. मी चर्चमधून सुटले की आलेच."

रविवारी एकादशी होती. माझा उपास. अंघोळ करून, तुळशीला पाणी घालून मी आले, फ्रिज उघडला, आणि ते मांस समोर. तोवर मी त्याला कधी हात लावला नव्हता. नेहमी मावशी लावायच्या, मी लांबून बघायची. नेमका आजचाच दिवस. मी दोन्ही हातांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवल्या. चमच्याचा दांडा पापुद्र्याखाली घालायचा, सैल झाला की कोरड्या फडक्यात धरून ओढायचा — ठाऊक होतं मला. पण पिशवीतून पकड येईना. सटकायचं. पिशव्या काढायला हव्या होत्या. एवढंच. मी नाही काढल्या.

पापुद्र्यावरूनच मसाला फासला. मसाला लागल्यावर काही दिसत नाही. कुकर लावला, साबणाने हात धुतले. हातांना काही लागलेलं नव्हतं तरी पुन्हा धुतले. मला वाटलं, इतका वेळ शिजेल, विरघळेल तो.

मावशी आल्या. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. सांगितलं म्हणजे मी करणार, हे त्या धरूनच चालल्या होत्या.

जेवताना साहेबांनी बरगडी दातात धरली आणि ओढली. पापुद्रा काही तुटेना. साहेबांनी आणखी जोर लावला — आणि कवळीच बरगडीला चिकटून बाहेर आली. ताटात पडली. मग व्याही हसून म्हणाले, "अहो साहेब, तुम्ही बरगडी खाताय की बरगडी तुम्हाला खातेय?" सगळे हसले. साहेबही हसले, तोंडावर रुमाल धरून. त्यांचे कान लाल झाले होते. त्या दिवसानंतर पाहुण्यांसमोर ते भातच खायला लागले.

मॅडम, म्हणजे साहेबांच्या बायको, स्वयंपाकघरात आल्या. "मार्थाबाई, हे चामडं कुणाला वाढलंत?"

मावशींनी एक बरगडी उचलली, उलटी केली, नखाने तो पापुद्रा उचकटून बघितला. मग माझ्याकडे वळल्या. रागाने नाही हो. चिरायला सांगितलेली कोथिंबीर राहिली तर विचारतील तसं विचारलं — "कुसुम, हा काढायचा राहिला का गं?"

हो म्हणायचं होतं. काय झालं असतं? मॅडम बोलल्या असत्या, मी रडले असते, संपलं असतं. मी म्हणाले, "मावशी, तुम्हीच शनिवारी काढला म्हणालात ना? मला नुसता मसाला लावायला सांगितलंत."

मला इतकं नीट बोलता येतं, हे मलाच त्या दिवशी कळलं. ना अडखळले, ना मान खाली घातली.

"मी म्हणाले?"

"हो."

आता जे सांगते ते त्याहून वाईट आहे. मार्थामावशींची थोरली बहीण शेवटी सगळं विसरली होती. स्वतःची मुलं ओळखत नव्हती, जेवली की नाही ते तिला कळत नव्हतं. मावशींनीच तिचं सगळं केलं. लसूण सोलताना एकदा त्या मला म्हणाल्या होत्या — मला मरणाचं काही वाटत नाही गं, पण असं विसरत विसरत जायचं भय वाटतं. हे त्यांनी मला सांगितलं होतं. मॅडमना नाही, मला. मग मी ते बोलले तेव्हा मला ठाऊक नव्हतं का, कुठे लागेल? होतं. तेव्हाच, बोलताबोलताच ठाऊक होतं.

मावशी ओट्याला धरून उभ्या राहिल्या. शनिवार आठवत होत्या. डोळे मिटून, ओठ हलवत. मग मॅडमना म्हणाल्या, "मीच विसरले असेन."

महिना संपला तसं त्यांनी काम सोडलं. मॅडमनी सोडा म्हटलं नव्हतं, त्यांनीच सोडलं. जाताना त्यांचा निळा एप्रन धुऊन, घडी घालून मला दिला. पुढच्या वेळी बरगड्या आल्या तेव्हा मी उघड्या हातांनी पापुद्रा काढला. एका ओढीत निघाला. कांद्याचं साल निघतं तसा. यासाठी?

तेव्हापासून ते स्वयंपाकघर माझं आहे, आणि मी ते चांगलं चालवते. पिंपळगावकडची काळी द्राक्षं आली की त्यांचा रस काढून सॉसमध्ये आटवते, ही माझी भर. लोक मागून मागून खातात. मी मान खाली घालून कौतुक ऐकते, आणि सगळ्यांना वाटतं मी लाजते आहे.

मावशींच्या घरी मी अधूनमधून जाते. का जाते? बरं दिसतं म्हणून जाते, असं मी स्वतःला सांगायची. सून रूथ चांगली आहे, काळजी करणारी. सासू स्वतःच म्हणाली, "मी विसरायला लागले," तेव्हापासून ती लक्ष ठेवून आहे. चष्मा सगळ्यांचाच हरवतो. मावशींचा हरवला की घरातले एकमेकांकडे बघतात. दूध उतू गेलं, की बघतात. आता रूथ कामावर जाताना गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवते. चावी पर्समध्ये. मावशी दुपारी डब्यातलं गार जेवतात. आयुष्यभर दुसऱ्यांना गरम वाढलेली बाई.

"बरंच झालं गं," मला म्हणाल्या. "मी उघडा ठेवला तर पोरं जायची जिवानिशी."

काम सोडल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी मला एकदा विचारलं होतं — "कुसुम, खरं सांग. त्या शनिवारी मी खरंच तसं म्हणाले होते?" अंगणात पेरूखाली बसलो होतो. दुसरं कुणी नव्हतं. मॅडम नाहीत, पाहुणे नाहीत. भ्यायचं तरी कुणाला होतं? मी म्हणाले, "हो मावशी. जाऊ दे ना आता." हे दुसऱ्यांदा. पहिल्या खोट्यापेक्षा हे माझ्या डोळ्यांपुढे जास्त येतं.

परवा गेले होते. नाताळ जवळ आलाय. मावशी म्हणाल्या, "बरगड्या कशा करतेस गं हल्ली? थांब, मीच सांगून बघते, जमतंय का." आणि सुरू झाल्या. पापुद्रा, चमच्याचा दांडा, कोरडं फडकं. मीठ, तिखट, लसूण, गूळ. उभ्या लावायच्या, मांसाची बाजू बाहेर. झाकण उघडायचं नाही. कडा करपेपर्यंत. काही सुटलं नाही, काही मागचं पुढे झालं नाही. साहेबांना डावीकडचं टोकाचं हाड आवडतं, हेसुद्धा सांगितलं — ते मी विसरले होते.

सांगून झालं आणि माझ्याकडे बघितलं. पाढा म्हणून झाल्यावर पोरं बाईंकडे बघतात तसं. "बरोबर आहे का गं? तू बघून घे हं. माझ्यावर नको विसंबूस."

मी म्हणाले, बरोबर आहे. त्या खूश झाल्या, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. माझं "बरोबर आहे" त्यांना खरं वाटलं नाही. मी समजूत घालते आहे असं वाटलं.

उद्या रविवार. उपासना सुटल्यावर मी शरणपूरला जाणार आहे, रूथ घरात असताना. एकट्या मावशींच्या कानात सांगितलं तर रेग्युलेटर कपाटातच राहील. माझं तोंड मला माहीत आहे, म्हणून शाळेत कविता पाठ करायची तशी वाक्यं पाठ केली आहेत. त्यात क्षमा हा शब्द ठेवलेला नाही. तो ठेवला तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

मावशी, त्या शनिवारी तुम्ही मला म्हणालात, सकाळी पापुद्रा काढ. मी काढला नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले, आणि पेरूखाली पुन्हा खोटं बोलले.

तुम्हाला सगळं बरोबर आठवत होतं.